पिएत्रो लोंगी : व्हेनिसच्या नित्य जीवनाचा चित्रकार

दरवर्षीं पारितोषिक-समारंभाच्या दिवशीं आमच्या चित्रकलेच्या वर्गांत मुलांचीं चित्रें भिंतीवर लाविलेलीं असतात. पालक मंडळी येतात, रंगविलेल्या चित्रांपुढें क्षणभर उभी राहतात, आपल्या पाल्याचें नांव शोधितात आणि समाधान पावून पुढें जातात. ज्या कच्च्या वहींत त्याच चित्रांचीं पहिलीं वेडींवांकडीं रेखाटनें असतात, ती वही मात्र कोणी मागत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्ही शिक्षकही ती मागत नाहीं. वर्ष संपतांच ती रद्दींत जाते. हात दहा वेळां चुकून अकराव्या वेळीं कसा साधला हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार त्या रद्दीबरोबर नाहींसा होतो, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. ज्याच्या चरित्रामुळें ती आली, त्या इटालियन चित्रकाराची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापितरांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

व्हेनिस हें नगर इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावर, खाडीच्या उथळ पाण्यांतील अनेक बेटांवर वसलेलें आहे. रस्त्यांच्या ठिकाणीं कालवे, गाड्याघोड्यांच्या ठिकाणीं काळ्या चिंचोळ्या नावा आणि कालव्यांच्या दोहों बाजूंस सरदारांचे वाडे, असा त्याचा थाट. एके काळीं पूर्वेकडील मिरीमसाल्याचा व रेशमाचा व्यापार या नगराच्या हातीं होता. वास्को द गामा १४९८ सालीं आफ्रिकेस वळसा घालून कालिकतला पोंचला आणि १५१० सालीं पोर्तुगिजांनीं गोवें घेतलें. तेव्हांपासून त्या व्यापाराचा ओघ हळूहळू दुसरीकडे वळूं लागला. अठराव्या शतकांत व्हेनिसचें वैभव ओसरत चाललें होतें, पण डामडौल ओसरला नव्हता. राजा नसलेलें, उमराव घराण्यांनीं चालविलेलें तें जुनें गणराज्य नाटकांत, संगीतांत व उत्सवांत दंग होतें. उत्सवाच्या दिवसांत तेथील स्त्रीपुरुष तोंडावर मुखवटे घालून हिंडत आणि त्या मुखवट्यांआड कोण कोणाचा कोण, हें ओळखूं येत नसे.

अशा नगरांत अठराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं पिएत्रोचा जन्म झाला. बापाचें नांव आलेस्सांद्रो फाल्का. धंदा चांदीच्या कामाचा. लोंगी हें नांव पिएत्रोनें पुढें धारण केलें आणि जग त्यास त्याच नांवानें ओळखतें. मुलगा चित्रकला शिकण्यासाठीं आंतोनियो बालेस्त्रा या नामांकित चित्रकाराच्या हाताखालीं राहिला. बालेस्त्रा हा देवादिकांचीं व साधुसंतांचीं भव्य चित्रें काढणारा. त्या काळीं चित्रकलेंतही एक प्रकारची उच्चनीचता होती. पवित्र शास्त्रांतील व पुराणेतिहासांतील प्रसंग रंगविणारे सर्वांत वरच्या पायरीवर. त्यांच्या खालीं माणसांच्या तसबिरी काढणारे. आणि स्वयंपाकघर, बाजार, शेतकऱ्याची झोंपडी असले विषय घेणारे अगदीं तळाशीं. कोणत्याही महत्त्वाकांक्षी तरुणाची दृष्टि वरच्या पायरीवर असावयाची, तशी पिएत्रोचीही होती.

बालेस्त्रानें आपल्या शिष्यास बोलोन्या शहरीं जुसेप्पे मारिया क्रेस्पी याजकडे जाण्याची शिफारस केली. क्रेस्पी चर्चसाठीं मोठीं चित्रें काढीच. परंतु गरिबाच्या खोलींत बसून आपल्या वस्त्रांतील पिसवा शोधणारी बाई, असल्याही विषयाची त्यास लाज वाटत नसे. रोमन मंडळींत जे सात संस्कार मानितात, त्यांचीं चित्रें काढतांना त्यानें स्वर्गींचे मेघ व देवदूत बाजूस ठेवून साध्या गांवच्या पाळकापुढें उभीं असलेलीं साधीं माणसें रंगविलीं होतीं. या गुरूपाशीं पिएत्रोस जें मिळालें तें बी पेरल्यासारखें मातीखालीं राहिलें. तें उगवण्यास आणखी कांहीं वर्षें व एक मोठें अपयश लागलें.

व्हेनिसला परत आल्यावर १७३२ सालीं त्याचा विवाह कातेरीना मारिया रित्सी हिच्याशीं झाला. त्याच वर्षीं सान पेल्लेग्रिनो येथील चर्चच्या वेदीसाठीं त्यानें एक चित्र काढिलें. पुढल्या वर्षीं पुत्र झाला. आजोबांचेंच आलेस्सांद्रो हें नांव त्यास ठेविलें. आणि १७३४ सालीं, ज्याची प्रत्येक तरुण चित्रकार वाट पाहतो, तें काम त्याच्याकडे आलें. महाकालव्याच्या कांठीं साग्रेदो या उमराव घराण्याचा वाडा होता. त्याच्या भव्य जिन्याच्या भिंती व छत चित्रांनीं भरून काढावयाचें होतें. विषय ठरला राक्षसांच्या पतनाचा : स्वर्गावर चाल करून गेलेल्या राक्षसांस ज्युपिटर देव वज्रप्रहारानें खालीं लोटतो, ही ग्रीक-रोमन पुराणांतील कथा.

हें काम ओल्या गिलाव्यावर करावयाचें असतें. गिलावा सुकण्यापूर्वीं जेवढें रंगवितां येईल तेवढाच भाग रोज लिंपावयाचा आणि तो त्याच दिवशीं पुरा करावयाचा. चूक झाली तर गिलावा खरवडून टाकण्यावांचून गति नाहीं. हाताला झेप हवी, मनांत सगळें चित्र आधींच उभें हवें. व्हेनिसमध्यें त्याच वेळीं जांबात्तिस्ता तिएपोलो नांवाचा चित्रकार होता. वयानें लोंगीपेक्षां थोडासाच मोठा. तो छतावर रंग टाकूं लागला कीं छत नाहींसें होऊन तेथें आकाश दिसे. अशा माणसाच्या गांवांत लोंगीनें आपले राक्षस रंगविले. जिना भरला, पण राक्षस जड झाले, त्यांच्या कोसळण्यांत भय उतरलें नाहीं. तें काम आजही त्या वाड्यांत पाहावयास मिळतें आणि रसिक लोक तें पाहून लोंगीची खरी शक्ति येथें नाहीं असें म्हणतात.

वाचकहो, येथें क्षणभर थांबूं या. या माणसानें तिशी ओलांडली होती. पदरीं बायको व तान्हें मूल. शिक्षणाचीं सगळीं वर्षें ज्या एका ध्येयासाठीं घातलीं, तें ध्येय हातीं आलें आणि निसटलें. आणि तें निसटलें तेंही चारचौघांत, एका मोठ्या वाड्याच्या जिन्यावर, जेथें येणारा-जाणारा प्रत्येक जण तें पाहील. अशा वेळीं माणसापुढें तीन वाटा असतात. जें साधत नाहीं तेंच आयुष्यभर रडतकढत करीत राहणें, ही एक. दैवास व दुसऱ्याच्या भाग्यास बोल लावून हात आंखडणें, ही दुसरी. आणि आपणांस देवानें खरोखर काय दिलें आहे हें प्रामाणिकपणें शोधून, तें कितीही लहान दिसलें तरी उचलणें, ही तिसरी. तिसरी वाट दिसण्यास सोपी, पण अहंकार गिळल्याशिवाय तिच्यावर पाऊल पडत नाहीं. लोंगीनें ती धरिली. पुढें त्याचाच पुत्र आलेस्सांद्रो यानें १७६२ सालीं व्हेनिसच्या चित्रकारांचीं चरित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत बापाविषयीं लिहितांना, ऐतिहासिक चित्रांत नांव मिळविणें कठीण हें ओळखून त्यानें आपला विचार बदलला व घरगुती प्रसंगांकडे वळला, ही गोष्ट त्यानें झांकून ठेविली नाहीं. बापाच्या अपयशाची नोंद पुत्रानें करावी आणि बापाच्या हयातींत ती छापली जावी, यांत त्या घरचा मोकळेपणा दिसून येतो.

नवी वाट म्हणजे कोणती? प्रथम त्यानें खेडुतांचीं, मेंढपाळांचीं, सूत कातणाऱ्या बायांचीं लहान चित्रें काढिलीं. एका चित्रांत मक्याचें पीठ शिजवून केलेलें पिवळें घट्ट अन्न एक बाई कढईंतून ओतीत आहे. आपल्याकडे जशी गरिबाची भाकरी, तसें तिकडील गरिबाचें हें पोलेंता. हळूहळू त्यानें शहरांतील घरांत प्रवेश केला. १७४१ सालचें त्याचें एक चित्र आहे : एका दालनांत तिघे जण सारंगीसारखीं वाद्यें वाजवीत आहेत, आणि मागें कांहीं मंडळी त्या संगीताकडे फारसें लक्ष न देतां पत्ते खेळत आहेत. पुढें नाच शिकणारी मुलगी, सरदारणीस नवा झगा दाखविणारा शिंपी, पृथ्वीचा गोल पुढें ठेवून भूगोल शिकणारी कुलीन स्त्री, उपटलेला दांत मोठ्या दिमाखानें उंच धरणारा वैदू व त्याच्याजवळचा बिचारा रोगी, असे कितीतरी विषय त्यानें घेतले. औषधाच्या दुकानाचें त्याचें चित्र तर प्रसिद्धच आहे. औषधवाला एका तरुणीचें तोंड तपासतो आहे, कोणी लिहितो आहे, एक पोरगा शेगडीस वारा घालतो आहे. आणि मागें भिंतीवर प्रभूच्या जन्माचें चित्र टांगलेलें आहे. हीं चित्रें बहुधा दोन फूट उंच व दीड फुटाहून थोडीं अधिक रुंद, म्हणजे घराच्या भिंतीस शोभण्याजोगीं. ज्या साग्रेदोंच्या जिन्यावर तो हरला, तशाच घराण्यांतील लोक आतां तीं मागून नेऊं लागले.

आतां आम्ही त्या रेखाटनांकडे वळतों, ज्यांच्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला. चित्र रंगविण्यापूर्वीं लोंगी तयारीचीं रेखाटनें करी. हीं बहुतेक करड्या, तपकिरी वा तत्सम रंगाच्या कागदावर, काळ्या खडूनें काढिलेलीं असून जेथें प्रकाश पडला असेल तेथें पांढऱ्या खडूचा हात फिरविलेला असतो. कागदाचा रंग हीच मधली छाया. काळा खडू सावली देतो, पांढरा उजेड देतो. व्हेनिसचे इतर पुष्कळ चित्रकार सगळा देखावा एकदम कागदावर मांडीत. लोंगीची रीत निराळी. तो बहुधा एकेका माणसास वेगळें काढी. कोठें एक बसलेली स्त्री, कोठें एक सेवक, कोठें मुखवटा व झगा घातलेला पुरुष; कोठें नुसता हात, आणि शेजारीं तोच हात पुन्हा, बोटें जरा निराळीं वळलेलीं. वस्त्राची घडी, खुर्चीचा पाय, हेंही त्यास क्षुद्र वाटत नसे. कांहीं कागदांवर कोणत्या वस्त्रास कोणता रंग द्यावयाचा याच्या टिपाही त्यानें लिहून ठेविल्या आहेत, जसा एखादा गृहस्थ वाण्याच्या यादीवर खुणा करतो. मग चित्र रंगवितांना हीं वेगवेगळीं माणसें तो एका खोलींत आणून बसवी.

या कागदांस तो चित्र समजत नसे. तीं विकण्याकरितां नव्हतीं, कोणा उमरावास दाखविण्याकरितांही नव्हतीं. तीं त्याची कच्ची वही होती. आणि आश्चर्य असें, कीं जाणते लोक त्यांत त्याच्या रंगीत चित्रांहून अधिक जीव पाहतात. रंगीत चित्रांत त्याचीं माणसें कधीं कधीं बाहुल्यांसारखीं ताठ होतात. कागदावर मात्र तीं वळतात, वांकतात, थकतात. जो हात साग्रेदोंच्या भिंतीवर भव्यतेच्या ओझ्यानें अडखळला होता, तोच येथें निर्भय झाला आहे. कारण येथें त्यास मोठें दिसावयाचें नव्हतें, समोरचें पाहावयाचें होतें.

समोरचें पाहणें ही किती कठीण गोष्ट आहे, याचें एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल, कारण त्याचा संबंध आपल्या देशाशीं आहे. १५१५ सालीं गुजराथच्या सुलतानानें पोर्तुगिजांस दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजानें लिस्बनला गेला. त्याची कीर्ति जर्मनींत पोंचली आणि आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर चित्रकारानें त्याचें चित्र लांकडी ठशावरून छापलें. ड्यूररनें तो प्राणी डोळ्यांनीं पाहिला नव्हता. पत्रांतील वर्णन व दुसऱ्याचें एक रेखाटन एवढ्यावरून त्यानें काम भागविलें. त्यामुळें त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे दिसतात आणि खांद्यावर एक नसलेलें जादा शिंगही उगवलें आहे. चित्र इतकें जोरदार होतें, कीं सव्वादोनशें वर्षें युरोपांतील पुष्कळ लोक गेंडा असाच असतो असें समजून चालले.

पुढें बंगालमधील डच व्यापारी कंपनीच्या एका अधिकाऱ्यानें गेंड्याचें एक पोरकें पिल्लूं घरीं वाढविलें. तें एका डच कप्तानानें घेतलें व १७४१ सालीं रोटरडॅमला नेलें. क्लारा या नांवानें प्रसिद्ध झालेल्या या मादीस घेऊन तो कप्तान गांवोगांव फिरला, आणि १७५१ सालच्या उत्सवांत ती व्हेनिसला आली. सारें नगर लोटलें. जोव्हान्नी ग्रिमानी नांवाच्या उमरावानें लोंगीस तिचें चित्र काढण्यास सांगितलें. लोंगी गेला आणि जें होतें तें त्यानें काढिलें. चित्रांत लांकडी कठड्याच्या पलीकडे प्रेक्षक उभे आहेत व अलीकडे क्लारा शांतपणें गवत खात आहे. अंगावर चिलखत नाहीं, जादा शिंग नाहीं. इतकेंच काय, नाकावरचें स्वतःचें शिंगही नाहीं! तें आधींच गळून पडलें होतें, आणि खेळवाला तें हातांत धरून लोकांस दाखवीत आहे. जमिनीवर पडलेली तिची विष्ठाही चित्रकारानें वगळली नाहीं. मौज अशी, कीं मागील प्रेक्षकांत कित्येकांनीं मुखवटे घातले आहेत, आणि सगळ्यांचें लक्ष त्या प्राण्याकडे आहे असेंही दिसत नाहीं. हजारों कोस दूर आणिलेलें तें मुकें जनावर तेवढें उघड्या तोंडानें उभें आहे. हें चित्र आज व्हेनिसच्या रेत्सोनिको वाड्यांतील संग्रहालयांत आहे; दुसऱ्या उमरावासाठीं केलेली त्याची दुसरी आवृत्ति लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत आहे.

या प्रामाणिक दृष्टीस समकालीनांत चाहते मिळाले. त्याच सुमारास कार्लो गोल्दोनी हा नाटककार व्हेनिसच्या रंगभूमीवर मोठा पालट घडवीत होता. ठराविक मुखवट्यांच्या ठराविक सोंगांऐवजीं घरांतील व गल्लींतील खरीं माणसें त्यानें रंगमंचावर आणिलीं. लोंगी व आपण एकाच कामास लागलों आहों हें त्यानें ओळखलें आणि १७५० सालीं लोंगीस उद्देशून एक सुनीत रचून त्याच्या सत्यशोधक कुंचल्याचा गौरव केला. गास्पारो गोत्सी या लेखकानेंही, डोळ्यांनीं पाहिलेलेंच रंगविणारा म्हणून त्याची आपल्या नियतकालिकांत स्तुति केली. १७५६ सालीं व्हेनिसच्या चित्र-शिल्प विद्यालयाचा तो सभासद झाला; त्या विद्यालयाचा पहिला अध्यक्ष तोच तिएपोलो होता, ज्याच्या आकाशापुढें लोंगीचे राक्षस फिके पडले होते. तेथें १७८० पर्यंत त्यानें विद्यार्थ्यांस रेखाटन शिकविलें. १७६३ पासून पिसानी घराण्यानें काढिलेल्या चित्रशाळेचेंही संचालकत्व त्याजकडे होतें. ती शाळा मात्र थोड्याच वर्षांत बंद पडली. ज्यास भव्य चित्रांत यश आलें नाहीं, त्याच्याच हातीं नगरानें आपले तरुण शिकावयास दिले, हें आम्हां शिक्षकांस विशेष वाटतें.

त्याच्या संसाराविषयीं एवढें नमूद आहे, कीं त्यास अकरा अपत्यें झालीं व त्यांतील तीनच मोठीं होईपर्यंत जगलीं. आठ वेळां त्या घरांतून लहान शवपेटी बाहेर गेली. आपल्या चित्रांत त्यानें या दुःखाचा कोठें उच्चार केला आहे असें आम्हांस दिसत नाहीं. परंतु १७५५ च्या सुमारास त्यानें आपल्या गुरूप्रमाणेंच सात संस्कारांची चित्रमालिका केली. बाळाचा बाप्तिस्मा, पापांगीकार, विवाह, मरणोन्मुखाचा तैलाभ्यंग. सगळे प्रसंग साध्या खोल्यांत व साध्या चर्चमध्यें घडतात. आमच्या मंडळींत सातहि संस्कार मानीत नाहींत. तरी जन्मापासून मरणापर्यंत देव माणसाच्या घरीं येतो, हा जो त्या चित्रांचा भाव, त्यास कोणताही ख्रिस्ती मनुष्य मान डोलवील.

कोणाही माणसाचें चरित्र सांगतांना त्याचें उणें झांकूं नये. लोंगीवर असा आक्षेप घेतात, कीं उमरावांचा रिकामटेकडेपणा त्यानें जवळून पाहिला, पण त्याविरुद्ध शब्द काढिला नाहीं. त्याच शतकांत लंडनला विल्यम होगार्थनें दारूबाजी, जुगार व श्रीमंतांचा दंभ यांवर चित्रांतून कोरडे ओढले. लोंगी मंद हंसून बाजूस झाला. त्याचें पोट त्याच घरांवर अवलंबून होतें, हें कारण असेल. स्वभावही तसा असेल. हा आक्षेप आम्हीं पुष्कळ दिवस खरा मानिला. आतांही तो अगदीं खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याचीं चित्रें पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट दिसूं लागते. सरदारणीच्या मागें तबक घेऊन उभा असलेला चाकर, शेगडी फुंकणारा पोरगा, सूत कातणारी बाई, यांसही त्यानें तितक्याच काळजीनें पाहिलें आहे. कागदावर काळ्या खडूनें उतरतांना धनी व चाकर यांच्यांत त्याच्या हातानें भेद केला नाहीं. त्यानें कोणास दोष दिला नाहीं, हें खरें. त्यानें कोणास वगळलेंही नाहीं.

१७८५ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेस, ऐंशी वर्षांहून अधिक आयुष्य भोगून, तो आपल्या जन्मनगरींतच वारला. बारा वर्षांनीं, १७९७ सालीं, नेपोलियनच्या फौजांपुढें व्हेनिसचें तें जुनें गणराज्य संपलें. मुखवटे उतरले, ते नाच, त्या मेजवान्या, तीं सकाळचीं चॉकोलेटचीं पात्रें, सगळें गेलें. ज्या उमरावांनीं भिंतींवर आपले पूर्वज देवांच्या पंक्तीस बसविले होते, त्यांचीं घराणींही पुढें विस्कळित झालीं. परंतु तीं माणसें घरांत कशीं बसत, काय खात, मुलींस काय शिकवीत, दांत दुखला तर कोणाकडे जात, हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यास आज लोंगीच्या लहान चित्रांकडेच यावें लागतें. आणि त्या कच्च्या कागदांचें काय झालें? तेओदोरो कोरेर नांवाच्या व्हेनिसच्या एका उमरावास जुन्या वस्तु जमविण्याचा छंद होता. इतरांनीं टाकून दिलेलें तो उचली. लोंगीच्या रेखाटनांचा गठ्ठा त्याच्या संग्रहांत आला. १८३० सालीं मरतांना त्यानें आपला संग्रह नगरास दिला, आणि त्यांतून कोरेर संग्रहालय उभें राहिलें. तेथें लोंगीचे सुमारें एकशें चाळीस कागद आज जपून ठेविलेले आहेत.

आमचा प्रभु लोकांस शिकवितांना राक्षसांच्या व वज्रांच्या कथा सांगत नसे. पिठांत खमीर कालविणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणारी गृहिणी, बी पेरणारा शेतकरी, जाळें ओढणारे कोळी, यांजकडे बोट दाखवून तो स्वर्गाचें राज्य समजावीत असे. ज्यानें नित्याचें जीवन क्षुद्र मानिलें, त्यास त्या दृष्टांतांतील अर्ध्याहून अधिक अर्थ कळणार नाहीं. ज्या चाकरानें आपलें एकच नाणें भुईंत पुरून ठेविलें, त्याची गोष्ट विद्यार्थ्यांस पाठ आहे. तें एक नाणें लहान होतें म्हणून त्यानें तें पुरलें. आणि धन्यास राग आला तो नाणें लहान असल्याचा नव्हे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांनीं आपल्यासाठीं एखादा जिना ठरवून ठेविला असेल : डॉक्टर व्हावें, मोठा अधिकारी व्हावें, परीक्षेंत पहिलें यावें. ती आकांक्षा चांगली आहे, तीसाठीं झटा. पण एखाद्या दिवशीं राक्षस जड झाले, भिंत बिघडली आणि सगळ्यांनीं ती पाहिली, तर आयुष्य संपलें असें समजूं नका. लोंगीचें खरें काम त्याच्या अपयशानंतर सुरू झालें. आणि पालकांस आमची नम्र विनंति आहे, कीं मुलाचा निकाल हातीं घेऊन त्यास शेजारच्या तिएपोलोशीं ताडून पाहण्यापूर्वीं एकदां त्याची कच्ची वही मागावी. मूल कशाकडे पुन्हा पुन्हा पाहतें, कोणती रेघ दहा वेळां पुसून काढतें, हें तेथें दिसेल. त्याचें देणें काय आहे याचा सुगावा बहुधा तेथेंच लागतो.

दोष आधीं आमच्याकडे आहे, तेव्हां सुधारणाही आम्हींच आधीं करावी. येत्या पारितोषिक-समारंभाच्या दिवशीं रंगविलेल्या चित्रांच्या खालीं एक लांब बांक मांडून त्यावर मुलांच्या कच्च्या वह्या उघड्या ठेवाव्या, असा आमचा विचार आहे. पालकांनीं त्या बांकापाशींही थोडा वेळ थांबावें. वर्ष संपल्यावर त्या वह्या रद्दींत जाणार नाहींत. ज्याच्या त्यास घरीं नेण्यास दिल्या जातील.